अंदाज न बांधता भाव सांगणारं गणित

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टेरी टॉवेल विणणारे कारखाने आहेत आणि तिथला बराच माल परदेशी जातो. समजा, यातल्या एका कारखानदाराला एक लाख डॉलरची ऑर्डर मिळाली. सूत आज रुपयांत घ्यायचं, मजुरी दर आठवड्याला रुपयांत द्यायची, वीजबिलही रुपयांतच भरायचं. माल पोचून पैसे यायला मात्र तीन महिने लागणार आणि ते येणार डॉलरमध्ये. आज डॉलर ८५ रुपयांना आहे असं धरू. तीन महिन्यांनी तो ८३ वर उतरला, तर टॉवेलमध्ये एक धागाही न बिघडता दोन लाख रुपये गेले.

अशा वेळी बँक एक सोय देते. "तीन महिन्यांनी तुमचे डॉलर आम्हाला ८५ रुपयांनी विकायचा हक्क तुम्हाला देतो. भाव पडला तर हक्क वापरा, चढला तर हक्क सोडून द्या आणि चढ्या भावाने बाजारात विका." या हक्काला ऑप्शन म्हणतात. हक्क फुकट मिळत नाही. त्याचे पैसे आजच मोजावे लागतात, त्याला प्रीमियम म्हणतात.

आता कोडं असं की, हा प्रीमियम किती असावा? कारखानदाराचा मेहुणा शपथेवर सांगतो की डॉलर नव्वदीकडे निघालाय, हक्क घेणं म्हणजे पैसे पाण्यात. त्याचे सीए म्हणतात, डॉलर नक्की पडणार, मिळेल त्या भावात हक्क घेऊन टाका. बँकेतला माणूस या दोघांचंही ऐकत नाही. डॉलर कुठे जाईल याबद्दल स्वतःचं मतही देत नाही. तो संगणकाकडे बघतो आणि पैशापर्यंतचा आकडा सांगतो. उद्याचं कुणालाच ठाऊक नसताना हा आकडा येतो कुठून?

या प्रश्नाभोवती गणिताची एक शाखाच उभी राहिली आहे. तिला गणितीय वित्तशास्त्र म्हणतात आणि पदव्युत्तर पातळीवर ती रीतसर शिकवली जाते. तो अभ्यासक्रम समजून घ्यायचा सरळ रस्ता म्हणजे हा एक आकडा स्वतः काढून बघणं. त्याला आठवीचं गणित पुरतं.

एक रुपया वीस पैसे

हिशोब सोपा राहावा म्हणून दोन गोष्टी गृहीत धरू. तीन महिन्यांनी डॉलरचे दोनच भाव शक्य आहेत, ८८ किंवा ८३. आणि व्याज शून्य आहे. (व्याज धरलं तर बेरीज-वजाबाकी वाढते, कल्पना बदलत नाही.)

डॉलर ८८ झाला तर ८५ ला विकायचा हक्क कुचकामी, त्याची किंमत शून्य. डॉलर ८३ झाला तर त्याच हक्काची किंमत दर डॉलरमागे २ रुपये.

आपल्यातला प्रत्येक जण इथे पहिल्यांदा एकच प्रश्न विचारतो: डॉलर पडायची शक्यता किती? मेहुण्याच्या हिशोबाने ती दहा टक्के. म्हणजे हक्काची किंमत २ रुपयांच्या दहा टक्के, वीस पैसे. सीएंच्या हिशोबाने नव्वद टक्के, म्हणजे एक रुपया ऐंशी पैसे. दोघांचीही पद्धत सरळ वाटते आणि दोघांचंही उत्तर चूक आहे. बरोबर उत्तर आहे एक रुपया वीस पैसे, आणि ते काढताना शक्यतेचा संबंधच येत नाही. बँकेने आज काय करायचं ते खालच्या चौकटीत बघा.

चौकट: बँकेचा हिशोब

कारखानदाराकडून प्रीमियम घेतला: १,००,००० डॉलर × १.२० = १,२०,००० रुपये.
बँकेने ४०,००० डॉलर उसने घेतले आणि आजच ८५ ने विकले: ३४,००,००० रुपये.
हातात एकूण: ३५,२०,००० रुपये, आणि तीन महिन्यांनी ४०,००० डॉलर परत करायचे.

डॉलर ८८ झाला तर: ४०,००० डॉलर विकत घेऊन परत करायला लागले ३५,२०,००० रुपये. हातात शून्य. कारखानदार हक्क वापरत नाही, द्यायचंही शून्य.

डॉलर ८३ झाला तर: ४०,००० डॉलर परत करायला लागले ३३,२०,००० रुपये. हातात २,००,००० रुपये. कारखानदार हक्क वापरतो, त्याला द्यायचे बरोबर २,००,००० रुपये.

डॉलर वर गेला तरी बँकेची पाटी कोरी, खाली गेला तरी कोरी. म्हणजे त्या हक्काची हुबेहूब नक्कल बँकेने डॉलर आणि रोकड वापरून घरच्या घरी तयार केली आणि त्या नकलेचा खर्च आला दर डॉलरमागे १.२०. हीच त्या हक्काची किंमत. नफा आणि कमिशन त्यावर वेगळं.

आणि मेहुण्याच्या वीस पैसे भावाने कुणी हक्क विकायला बसला तर? मग कुणीही शहाणा माणूस त्याच्याकडून हक्क घेईल, सोबत उसन्या पैशांनी दर हक्कामागे ०.४ डॉलर विकत घेईल आणि गप्प बसेल. ०.४ डॉलरला ३४ रुपये आणि हक्काला वीस पैसे, गुंतले ३४.२०. डॉलर ८८ झाला तर ०.४ डॉलरचे येतात ३५.२०. ८३ झाला तर डॉलरचे ३३.२० आणि हक्काचे २, म्हणजे पुन्हा ३५.२०. दोन्हीकडे दर डॉलरमागे एक रुपया खिशात, जोखीम काहीच नाही. अशी दुभती गाय बाजारात फार वेळ मोकळी फिरत नाही. घेणारे इतके येतात की भाव चढून १.२० वर येऊन थांबतो. बिनजोखमीच्या अशा कमाईला आर्बिट्राज म्हणतात. ती टिकू शकत नाही, एवढ्या एका गृहीतकावर या शास्त्राचा डोलारा उभा आहे.

चाणाक्ष वाचक इथे अडवेल: ८८ आणि ८३ हे आकडे कुठून आणले? हरकत अगदी रास्त आहे. अंदाज पुरता संपलेला नाही, त्याची जागा बदलली आहे. डॉलर कोणत्या दिशेला जाईल हे बँकेला माहीत असायची गरज उरली नाही. तो किती हेलकावे खाईल याचा अंदाज मात्र हवाच. हेलकाव्याच्या या मापाला व्होलाटिलिटी म्हणतात. ऑप्शनचा बाजार खरं तर याच एका आकड्याची घासाघीस करत असतो.

पॅरिसचा प्रबंध, मुंबईची तेजी-मंदी

या विषयाचा जन्मदिवस सांगता येतो. २९ मार्च १९०० रोजी पॅरिसमध्ये लुई बाशेलिए या विद्यार्थ्याने सट्ट्याच्या सिद्धांतावर डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला. परीक्षकांत हेन्री प्वांकारेसारखा माणूस होता. बाजारभाव दर क्षणी थोडा वर किंवा थोडा खाली सरकतो आणि पुढचं पाऊल मागच्या पावलावर अवलंबून नसतं, असं धरून बाशेलिएने ऑप्शनच्या किमती काढल्या होत्या. पाण्यात तरंगणाऱ्या कणांच्या अशाच वेड्यावाकड्या हालचालीवर आइन्स्टाइनचा लेख आला १९०५ मध्ये, पाच वर्षांनी. बाशेलिएचा प्रबंध पुढे अर्थशास्त्रज्ञांच्या विस्मरणात गेला तो जवळजवळ पन्नास वर्षं.

या काळात व्यापारी काही गणितज्ञांची वाट पाहत थांबले नव्हते. मुंबईच्या कापूस बाजारात १८७५ पासून संघटित वायदे चालत होते आणि त्यांच्या जोडीला 'तेजी-मंदी'ही चालायची. ठरल्या भावाने माल घ्यायचा हक्क ती तेजी, विकायचा हक्क ती मंदी. आपल्या टॉवेलवाल्याने घेतलेला हक्क त्या भाषेत मंदीच. भाव ठरायचा अनुभवावर आणि बोलाचालीवर. त्यातून सट्टा माजला, म्हणून मुंबई प्रांताने १९३९ मध्ये कापसातल्या ऑप्शनवर कायद्याने बंदी घातली. स्वातंत्र्यानंतर १९५२ च्या वायदे कायद्याने सगळ्याच मालातले ऑप्शन बंद झाले आणि १९५६ च्या कायद्याने शेअरमधलेही. गंमत अशी की, ज्या वर्षांत जगात या विषयाचं गणित पक्कं झालं, नेमक्या त्याच वर्षांत आपल्याकडे हा व्यवहार बेकायदा होता.

गणित पक्कं झालं ते १९७३ साली. फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांचा लेख त्या वर्षी छापून आला. आधी तो नियतकालिकांनी साभार परत केला होता. त्याच सुमारास रॉबर्ट मर्टन यांनी तीच कल्पना अधिक पक्क्या पायावर मांडली. शिकागोत ऑप्शनचा पहिला संघटित बाजार उघडला तोही २६ एप्रिल १९७३ ला. पुढे १९९७ मध्ये मर्टन आणि शोल्स यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ब्लॅक १९९५ मध्येच गेले होते. आपण वर केलेलं दोन भावांचं उदाहरण ज्या पद्धतीचं आहे, ती कॉक्स, रॉस आणि रूबिनस्टाइन या तिघांनी १९७९ मध्ये मांडली. मूळ सूत्रापेक्षा ती सहा वर्षांनी धाकटी, पण शिकवायला कितीतरी सोपी. म्हणून वर्गात तीच आधी येते.

भारतात शेअरमधल्या ऑप्शनवरची कायद्यातली बंदी १९९५ मध्ये उठली. निर्देशांकाचे ऑप्शन जून २००१ मध्ये सुरू झाले आणि रुपया-डॉलरचे ऑप्शन विकायला रिझर्व्ह बँकेने बँकांना २००३ मध्ये परवानगी दिली. सोलापूरच्या टॉवेलवाल्याला हा हक्क कायदेशीरपणे मिळू लागला तो तेव्हापासून.

दोन भावांपासून लाखो वाटांपर्यंत

तीन महिन्यांनी दोनच भाव शक्य आहेत, ही अर्थातच थाप आहे. मग तीन महिन्यांचे दोन तुकडे करू, प्रत्येक तुकड्याच्या शेवटी एकदा वर किंवा खाली. नंतर चार तुकडे, शंभर तुकडे, मिनिटामिनिटाचे तुकडे. प्रत्येक तुकड्यात वरचाच हिशोब करायचा आणि बँकेने उसन्या डॉलरचा आकडा दर पायरीला थोडा कमी-जास्त करायचा. तुकडे अगणित झाले की भावाची वाट म्हणजे सतत थरथरणारी रेघ होते. पदव्युत्तर अभ्यासक्रमाचं पहिलं वर्ष या थरथरत्या रेघेवर खर्ची पडतं, आणि त्याला कारण आहे.

नाणं शंभर वेळा उडवा. छापा पडला तर एक पैसा वर, काटा पडला तर एक पैसा खाली. शेवटी तुम्ही सुरुवातीपासून साधारण किती दूर असाल? शंभर पैसे नक्कीच नाही, कारण वरखाली एकमेकांना खात जातं. उत्तर आहे सुमारे दहा पैसे, म्हणजे शंभराचं वर्गमूळ. चारशे वेळा उडवलं तर वीस पैसे. वेळ चौपट झाला की भरकटणं दुप्पट होतं. डॉलर दिवसाला साधारण २० पैसे हलत असेल, तर व्यवहाराच्या ६४ दिवसांत तो ६४ पट हलत नाही, ८ पट हलतो: एक रुपया साठ पैसे. तीन महिन्यांत व्यवहाराचे दिवस साधारण एवढेच भरतात.

आता हाच नियम उलटा, लहान वेळाकडे लावा. दिवसाचा शंभरावा भाग घेतला तर हालचाल शंभरावा भाग होत नाही, दहावाच होते, २ पैसे. वेळ भराभर आकसतो, पण हालचाल तितकी आकसत नाही. बारावीत आपण कॅल्क्युलस शिकतो तेव्हा फार लहान संख्येचा वर्ग सोडून देतो. शंभराव्या भागाचा वर्ग दहा हजारावा, कोण बघतंय! इथे मात्र हालचाल दहावा भाग आणि तिचा वर्ग शंभरावा भाग, म्हणजे खुद्द वेळाच्या तुकड्याएवढाच. तो सोडला तर उत्तर चुकतं. म्हणून थरथरत्या रेघेसाठी वेगळं कॅल्क्युलस लागतं, ज्यात एक पद जास्तीचं येतं. ते जपानच्या कियोसी इतो यांनी महायुद्धाच्या धामधुमीत, १९४४ च्या सुमारास उभं केलं. या विषयात पुढे मोलाची भर घालणाऱ्यांत इंदूरच्या होळकर सायन्स कॉलेजात शिकलेले राजीव करंदीकर आहेत. इतोंचं इंटिग्रल प्रत्येक वाटेसाठी स्वतंत्रपणे कसं मांडता येईल, यावर त्यांनी १९८० च्या दशकात काम केलं. बी. व्ही. राव यांच्यासोबत त्यांनी लिहिलेलं स्टोकॅस्टिक कॅल्क्युलसचं, म्हणजे या थरथरत्या रेघेच्या कॅल्क्युलसचं, पाठ्यपुस्तक २०१८ मध्ये आलं.

इतोंचं कॅल्क्युलस आणि नक्कल करायची ती युक्ती एकत्र केली की एक समीकरण मिळतं. ब्लॅक आणि शोल्स यांचं हे समीकरण थोडं सरळ केलं, की ते उष्णता पसरण्याचं जुनं समीकरण निघतं. सोलापूरकडच्या माळवदाच्या घरात राहिलेल्यांना हे पटकन कळेल. मे महिन्यात दुपारचं ऊन जाड भिंतीवर बाहेरून एकदम पडतं, पण आत पोचेपर्यंत त्याची धार जाते आणि संध्याकाळी भिंत नुसती कोमट लागते. ऑप्शनचंही तसंच. शेवटच्या दिवशी हक्काच्या किमतीला ८५ वर टोकदार कोपरा असतो: त्याच्या वर शून्य, खाली लगेच पैसे. मुदतीपासून जितकं मागे यावं तितका हा कोपरा गोलसर होत जातो. ८६ ला सुद्धा हक्काला थोडी किंमत असते, कारण अजून वेळ आहे, भाव पडू शकतो.

एकोणिसाव्या शतकात फूरियेने उष्णतेसाठी शोधलेल्या रीती बँकेच्या ट्रेझरीत कामाला येतात त्या अशा. अभ्यासक्रमात पार्शल डिफरन्शियल इक्वेशनचा एवढा जाडजूड पेपर कशाला, हा विद्यार्थ्यांचा नेहमीचा प्रश्न. त्याचं उत्तर या भिंतीत आहे.

डॉलर उसना मिळतो, पाऊस मिळत नाही

नक्कल करून किंमत काढायची युक्ती कुठे चालते आणि कुठे नाही, हे ओळखता येणं मला सूत्र पाठ असण्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं. आणि ते शिकायला सोलापूरइतका चांगला जिल्हा नाही.

सोलापूर बाजार समितीत हिवाळ्यात कांद्याच्या गाड्यांची रीघ लागते. शेतकऱ्याला तीन महिन्यांनी ठरल्या भावाने कांदा विकायचा हक्क देता येईल का? चौकटीतल्या बँकेने ४०,००० डॉलर उसने घेऊन विकले होते. कांदा उसना कोण देणार? दिला तरी तीन महिन्यांनी त्याच प्रतीचा परत कसा करणार? डॉलर सगळे सारखे, कांद्याची मात्र प्रत्येक वक्कल वेगळी; गोल्टीचा भाव निराळा आणि मोठ्या मालाचा निराळा. शिवाय कांदा सडतो. नकलेला लागणारा मालच हातात धरून ठेवता येत नाही, त्यामुळे १.२० सारखा एकच एक भाव निघत नाही. विकणारा अंदाजावर आणि भीतीवर भाव लावणार, आणि तो महाग असणार. तूर टिकते, तिची प्रतवारीही करता येते. पण तिचे वायदे सरकारने २००७ च्या सुरुवातीला बंद केले, त्यामुळे तिथेही नकलेचा रस्ता अडला.

डाळिंबाचं उदाहरण त्याहून बोलकं आहे. सांगोला, पंढरपूर भागातले बागाईतदार हवामानावर आधारित फळपीक विमा घेतात. मृग बहारात ठरलेल्या दिवसांत ठरल्यापेक्षा जास्त किंवा कमी पाऊस झाला, तर हवामान केंद्रावरच्या नोंदीवरून भरपाई ठरते. वरवर पाहता हाही एक हक्कच आहे: पाऊस अमुक आकड्यापलीकडे गेला की पैसे. पण पाऊस विकत घेता येत नाही, उसना आणता येत नाही, नक्कल करायला हातात काहीच नाही. म्हणून इथे विमा कंपनीला जुन्या वाटेनेच जावं लागतं. मागच्या अनेक वर्षांच्या पावसाच्या नोंदी काढायच्या, किती वेळा भरपाई द्यावी लागली असती ते मोजायचं, सरासरी काढायची आणि वर सुरक्षेसाठी भर घालायची. मेहुण्याने आणि सीएंनी वापरलेली शक्यतेची पद्धत इथे योग्य आहे, फक्त ती मतांवर न चालता नोंदींवर चालते.

म्हणजे एकाच जिल्ह्यात दोन वेगळी गणितं चालतात. टॉवेलवाल्याच्या डॉलरला नकलेचं, डाळिंबवाल्याच्या पावसाला सरासरीचं. पहिलं करणाऱ्याला बाजारात क्वांट म्हणतात, दुसरं करणाऱ्याला अॅक्च्युअरी. चांगल्या अभ्यासक्रमात दोन्ही शिकवतात आणि कुठे कोणतं लावायचं याची परीक्षा घेतात.

गणित कुठे उताणं पडतं

दोन घटना या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असायला हव्यात.

पहिली परदेशातली. मर्टन आणि शोल्स संचालक असलेला लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट हा फंड नोबेलनंतर वर्षभरातच, १९९८ मध्ये बुडीत निघाला आणि तो सावरायला बँकांना ३६० कोटी डॉलर ओतावे लागले. समीकरणाने धरलं होतं की भाव लहान लहान पावलांनी सरकतात. रशियाने कर्जफेड थांबवल्यावर बाजारांनी उड्या मारल्या, आणि फंडाने भांडवलाच्या कित्येक पट कर्ज काढलेलं असल्यामुळे भाव परत जागेवर यायची वाट बघायला सवड उरली नाही.

दुसरी आपल्या धंद्याच्या शेजारची. २००७ मध्ये रुपया मजबूत होत होता. डॉलर ४४ च्या आसपासून ३९ कडे उतरला होता. निर्यातदार घाबरले. त्या काळात तिरुपूरच्या होजिअरीवाल्यांसह देशभरच्या अनेक निर्यातदारांनी बँकांकडून गुंतागुंतीचे परकीय चलनाचे ऑप्शन घेतले. त्यातल्या बऱ्याच करारांना वर प्रीमियम नव्हताच, म्हणून ते फुकट वाटले. प्रत्यक्षात निर्यातदाराने एक हक्क घेऊन त्याच्या बदल्यात दुसरे, जास्त मोठे हक्क बँकेला विकलेले होते. चलनं उलटी फिरली तेव्हा तोटे कोट्यवधींत गेले आणि प्रकरणं कोर्टात. साधा हक्क विकत घेतला तर फार तर प्रीमियम जातो. हक्क विकला तर तोट्याला तळ नसतो. हे एक वाक्य समजलेलं असतं तर कित्येक कारखाने वाचले असते.

शेअर बाजारात फ्यूचर-ऑप्शन खेळणाऱ्यांची कथा याहून फार वेगळी नाही. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत या प्रकारात उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला, सरासरी माणशी सुमारे दोन लाख रुपये.

या शिक्षणात काय मिळतं, आणि तिथे जायचं कसं

गणितीय वित्तशास्त्र शिकणाऱ्या मुलाला गावाकडे सगळ्यात आधी विचारलं जातं, "मग कुठला शेअर घेऊ सांग!" ते त्याला येत नाही, आणि शिकवलेलंही नसतं. या पदवीधरांचं रोजचं काम बँकांची ट्रेझरी, विमा कंपन्या, क्लिअरिंग कॉर्पोरेशन आणि परदेशी बँकांची मुंबई-पुण्यातली कार्यालयं इथे चालतं. हक्कांचे भाव काढणं, उद्या बाजार कोसळला तर बँकेचं किती जाईल ते मोजणं, आणि दुसऱ्याने बांधलेलं गणित तपासून त्यात भोकं शोधणं. हे शेवटचं काम सगळ्यात कंटाळवाणं आणि, मला विचाराल तर, सगळ्यात मोलाचं.

सोलापुरात दयानंद, संगमेश्वर, वालचंद या महाविद्यालयांत गणित किंवा संख्याशास्त्र घेऊन बीएस्सी करता येतं आणि अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात या दोन्ही विषयांत एमएस्सीही. गणितीय वित्तशास्त्र नावाची पदवी गावात मिळत नाही म्हणून खट्टू व्हायचं कारण नाही, कारण पाया हाच आहे. बीएस्सीनंतर आयआयटींमध्ये एमएस्सीला जाण्यासाठी जॅम ही परीक्षा असते. तिच्यात गणित आणि गणितीय संख्याशास्त्र असे वेगळे पेपर आहेत. भारतीय सांख्यिकी संस्था आणि चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट स्वतःच्या प्रवेश परीक्षा घेतात. पुण्याच्या आयसरमध्ये या विषयात संशोधन चालतं. सेबीने स्थापन केलेली एनआयएसएम ही संस्था रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला आहे. तिथे कल बाजाराच्या व्यवहाराकडे जास्त. घर सोडणं शक्य नसेल तर इन्स्टिट्यूट ऑफ अॅक्च्युअरीज ऑफ इंडियाच्या परीक्षा नोकरी सांभाळूनही देता येतात आणि त्यांच्या एका पेपरात ब्लॅक-शोल्स येतंच. आयआयटी गुवाहाटीच्या प्राध्यापकांचे गणितीय वित्तशास्त्राचे पूर्ण वर्ग एनपीटीईएल या ऑनलाइन मंचावर फुकट आहेत.

तयारीत कच्चा दुवा बहुतेक वेळा रिअल अॅनालिसिसचा असतो. 'सिद्ध करा' छापाचे प्रश्न पाठ करून बीएस्सी निघतं, पण इतोंचं कॅल्क्युलस पाठांतराला दाद देत नाही. दुसरी उणीव प्रोग्रॅमिंगची. दोन पायऱ्यांचा हिशोब कागदावर होतो, दोन हजार पायऱ्यांसाठी पायथन लागतं. सहा महिन्यांत क्वांट बनवण्याच्या जाहिराती सध्या मोबाइलवर धो धो येतात. ज्याला अॅनालिसिस येत नाही त्याला त्या कोर्समधून सॉफ्टवेअरची बटणं तेवढी कळतील, आणि बटणं दर तीन वर्षांनी बदलतात. फीचे पैसे आधी चांगल्या पुस्तकांवर घालावेत हे माझं स्पष्ट मत.

हा विषय आपल्याला मानवेल का, हे फॉर्म भरण्याआधीच तपासता येतं. वरच्या उदाहरणाच्या दोन पायऱ्या करा. पहिल्या दीड महिन्यात डॉलर ८५ वरून ८७ किंवा ८४, आणि पुढच्या दीड महिन्यात तिथून पुन्हा २ रुपये वर किंवा १ रुपया खाली. शेवटच्या दिवसापासून मागे येत ८५ च्या हक्काची आजची किंमत काढा. उत्तर ९० पैशांच्या थोडं खाली येतं. ते काढताना रात्री जेवणाची वेळ टळली आणि लक्षात आलं नाही, असं झालं तर पुढे जा. जॅमचे अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरून घेतात आणि परीक्षा फेब्रुवारीत असते.